शिक्षकाची कामातील गोडी

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत वाचन व चर्चेसाठी अभ्यासलेख)

प्रश्नाचे स्वरूप

शिक्षकांच्या अडचणींची यादी कोणत्याही बैठकीत पाच मिनिटांत तयार होते. गळके छप्पर, दोन शिक्षकांकडे पाच इयत्ता, वारंवार मागवली जाणारी माहिती, गावापासून दूर असलेले बिऱ्हाड, बदलीची अनिश्चितता ही त्या यादीतील नेहमीची कलमे होत. ती खोटी नाहीत. परंतु या यादीबरोबर दुसरा एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. याच अडचणींत वीस-पंचवीस वर्षे काढूनही ज्यांची कामातील गोडी कमी झालेली नाही, असे शिक्षक प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांची गोडी कशाने टिकली? तिच्या मुळाशी केवळ स्वभावाचा भाग आहे, की कामाच्या रचनेतही तिची कारणे सापडतात?

हा प्रश्न अभ्यासाचा आहे, कारण त्याचा परिणाम थेट मुलावर होतो. शहरातील सुखवस्तू घरच्या मुलाला शिक्षकाचा निरुत्साह काही अंशी सोसतो. त्याच्या घरी पुस्तके असतात, शिकलेले पालक असतात, शिकवणीची सोय असते. शेतमजुराच्या किंवा मेंढपाळाच्या मुलाच्या बाबतीत शाळेतील शिक्षक हेच बहुधा संपूर्ण शिक्षण असते. तेथे शिक्षकाची गोडी आटली, की मुलाचा शिक्षणाचा झराच आटतो. म्हणून शिक्षकाचे कार्यसमाधान ही केवळ त्याची खाजगी बाब राहत नाही. ते कसे निर्माण होते, कशाने वाढते व कशाने खुंटते याचा विचार शिक्षकांनी, तसाच त्यांच्या पर्यवेक्षकांनी, शांतपणे करणे अगत्याचे आहे.

असमाधान आणि समाधान

समाधानाचा विचार करताना एक चूक सर्रास होते. असमाधानाची कारणे दूर केली, की समाधान आपोआप निर्माण होते, असे गृहीत धरले जाते. या समजुतीला अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने धक्का दिला. पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व हिशेबनीस यांना त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गोष्टी विचारल्या : कामावर असताना मनाला विशेष बरे केव्हा वाटले, आणि विशेष वाईट केव्हा वाटले? उत्तरांतून असे दिसले, की बरे वाटण्याचे प्रसंग बहुतेक काम पार पडल्याचे, त्या कामाची कोणी दखल घेतल्याचे व जबाबदारी मिळाल्याचे होते. वाईट वाटण्याचे प्रसंग मात्र वरिष्ठांची वागणूक, कारभाराचे नियम, वेतन व कामाच्या जागेची स्थिती यांच्याशी निगडित होते. दोहोंची कारणे वेगवेगळी निघाली.

शाळेतील साधे उदाहरण घेतले म्हणजे हा भेद स्पष्ट होईल. पावसाळ्यात वर्गाचे छप्पर गळत असेल तर शिक्षक त्रासतो, आणि त्याचे त्रासणे रास्त आहे. छप्पर दुरुस्त झाले की त्रास संपतो. परंतु केवळ छप्पर गळत नाही म्हणून कोणी शिक्षक सकाळी उत्साहाने शाळेकडे निघत नाही. उत्साहाचे कारण कोरड्या छपराखाली जे घडते त्यात असते. उलटपक्षी, छपराखाली कितीही चांगले घडत असले तरी गळतीचा त्रास त्यामुळे नाहीसा होत नाही. दोन्ही हिशेब स्वतंत्र ठेवावे लागतात.

हर्झबर्ग यांच्या पद्धतीवर पुढे टीकाही झाली. चांगल्या गोष्टीचे श्रेय स्वतःकडे घ्यावे आणि वाईटाचा दोष परिस्थितीला द्यावा, हा मनुष्यस्वभाव आहे. तेव्हा अशी उत्तरे येणे स्वाभाविकच होते, असे टीकाकारांचे म्हणणे होते. ही टीका लक्षात ठेवूनच या निष्कर्षाकडे पाहावे. तथापि टॉमस सर्जिओव्हानी यांनी न्यूयॉर्क राज्यातील मन्रो कौंटीमधील शिक्षकांचा याच धर्तीवर अभ्यास करून १९६७ मध्ये तो प्रसिद्ध केला, तेव्हा शिक्षकांच्या बाबतीतही यशाची जाणीव, दखल व जबाबदारी हीच समाधानाची प्रमुख कारणे दिसली. त्यात एक गोष्ट मात्र निराळी होती. 'प्रत्यक्ष काम' हे कारण अभियंत्यांइतके शिक्षकांत ठळकपणे पुढे आले नाही. त्याची मीमांसा करताना शिक्षकाच्या कामात मिसळलेल्या हजेरी, नोंदी इत्यादी नित्याच्या कारकुनी कामांकडे त्यांनी लक्ष वेधले. ऑनलाइन माहिती भरण्यात दुपार घालवणाऱ्या आपल्याकडील शिक्षकाला हा साठ वर्षांपूर्वीचा निष्कर्ष परका वाटणार नाही.

मूल शिकल्याचे दर्शन

शिक्षकाला नेमके कशात यश वाटते, याचा अधिक खोल शोध शिकागो विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी घेतला. फ्लोरिडा राज्यात प्रत्येक कौंटीचा मिळून एक शाळा-जिल्हा असतो. म्हणजे तेथील रचना आपल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षणव्यवस्थेशी काहीशी मिळतीजुळती आहे. अशा डेड कौंटीतील सार्वजनिक शाळांच्या हजारो शिक्षकांची उत्तरे लॉर्टी यांनी १९६४ मध्ये मिळवली व इतर मुलाखतींची जोड देऊन १९७५ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. वेतन व प्रतिष्ठा, नोकरीची सुरक्षितता व सुट्ट्या, आणि प्रत्यक्ष अध्यापनातून मिळणारे मानसिक समाधान यांपैकी महत्त्वाचे काय, असे विचारले असता सुमारे तीनचतुर्थांश शिक्षकांनी मानसिक समाधानाला कौल दिला. त्या समाधानातही फार मोठ्या बहुमताने पहिले स्थान मिळाले ते एकाच गोष्टीला : आपण मुलापर्यंत पोहोचलो आणि मूल शिकले, हे कळण्याच्या क्षणाला.

या निष्कर्षाची साक्ष प्रत्येक शिक्षकाच्या अनुभवात आहे. पहिलीतील एखादी मुलगी महिनोन् महिने अक्षरे नुसती चित्रासारखी गिरवीत असते. एके दिवशी ती रस्त्यावरील एस. टी. ची पाटी पाहून गावाचे नाव अडखळत वाचते आणि स्वतःच चकित होऊन शिक्षकाकडे पाहते. हातच्याची वजाबाकी न उमगणारा मुलगा दहा काड्यांची जुडी सोडून मोकळ्या काड्यांत मिसळतो, आणि 'हातचा' म्हणजे काय ते त्याच्या बोटांना आधी व डोक्याला मागाहून कळते. त्या दिवशी शिक्षकाला वेतनवाढीचा आदेश मिळालेला नसतो. तरी घरी परतताना रस्ता लांब वाटत नाही.

परंतु लॉर्टी यांनी याच ठिकाणी एक अडचणही दाखवून दिली, आणि ती विशेष मननीय आहे. शिक्षकाचे समाधान मुलाच्या प्रगतीवर अवलंबून असते, पण ती प्रगती डोळ्यांना सहज दिसत नाही. सुताराने दार बसवले की ते लागते की नाही, हे त्याला त्याच दिवशी कळते. शेतकऱ्याला हंगामाच्या शेवटी पोती मोजता येतात. शिक्षकाचे पीक हळूहळू वाढते; त्यात घरचा, सोबत्यांचा, वयाचा वाटा किती आणि आपला किती, हे सांगता येत नाही. त्यामुळे चांगले काम करणाऱ्या शिक्षकालाही 'आपण काही साधले का?' ही शंका पोखरीत राहते. पुष्कळ शिक्षकांची गोडी ओसरते ती काम निष्फळ झाल्यामुळे ओसरत नाही. केलेल्या कामाचे फळ न दिसल्यामुळे ओसरते.

यावरून या लेखाचा मुख्य विचार निघतो. मुलाच्या प्रगतीचे दर्शन दैवावर सोडू नये. ते घडेल अशी व्यवस्था शिक्षकाने स्वतः करावी. ही व्यवस्था कशी करावी याचा विचार पुढे केला आहे. तत्पूर्वी, जिल्हा परिषदेच्या शाळेत या समाधानाला कोणती खास जोड मिळते, ते पाहू.

सर्वांची शाळा

गावच्या सार्वजनिक शाळेचे पहिले वैशिष्ट्य असे, की तिचे दार निवड करीत नाही. हे वैशिष्ट्य सहज प्राप्त झालेले नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीरावांनी सरकारचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वाहतो व शेतकरी-कष्टकऱ्यांचे प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहते, याकडे लक्ष वेधले. त्याच निवेदनात त्यांनी शिक्षकाचाही विचार केला होता. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातून आलेले व लोकांत मिसळणारे असावेत, आणि त्यांना किमान बारा रुपये वेतन मिळावे, अशी त्यांची मागणी होती. शिक्षकाचे लोकांशी नाते आणि शिक्षकाचे वेतन या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी मागितल्या, हे आजही ध्यानात घेण्याजोगे आहे.

पुढे १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे आला. १९४७ च्या कायद्यानंतर तो जिल्हा शाळा मंडळांकडे गेला. त्या काळी विदर्भात जनपद सभा होत्या, आणि मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. महाराष्ट्र राज्य झाल्यावर जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ मध्ये संमत झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. तेव्हापासून खेड्यातील प्राथमिक शाळा ही जिल्हा परिषदेची शाळा झाली. २००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला, आणि सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाचा हक्क कायद्याने मान्य झाला. वयाचा दाखला नाही किंवा प्रवेशाची मुदत उलटली म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही.

या इतिहासाचा शिक्षकाच्या गोडीशी संबंध असा : जेथे निवडून घेतलेली मुले असतात, तेथे शिक्षकाच्या श्रमाविना मूल किती शिकले असते हे कळत नाही. ऊसतोडीहून उन्हाळ्याच्या तोंडी परतलेला मुलगा, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन शाळेत येणारी मुलगी, घरात पहिल्यांदाच पाटी पाहणारे मूल, यांच्या बाबतीत ही शंका फारशी उरत नाही. ते वाचू लागले तर शाळेमुळे वाचू लागले. आपले श्रम जेथे अन्य कोणी पोहोचले नसते तेथे पोहोचले, ही खात्री सार्वजनिक शाळेतील शिक्षकाला जितकी मिळते तितकी इतरत्र क्वचितच मिळते.

मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावे, हा विचारही या भूमीतीलच आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि अनुताई वाघ यांनी ते त्यांच्यासह पुढे कोसबाडच्या आदिवासी भागात वाढवले. तेथे गुरे राखण्यास जाणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली गेली. तिला कुरणशाळा असे नाव पडले. शिक्षकाच्या कामाची गोडी सोयीवर अवलंबून असती, तर कुरणशाळा निघालीच नसती.

गावाशी नाते

दुसरे वैशिष्ट्य गावाशी जडणाऱ्या नात्याचे. खेड्यातील शिक्षक केवळ एका वर्गाचा शिक्षक नसतो. 'गुरुजी' किंवा 'बाई' या संबोधनाने त्याला गावात एक स्थान मिळते. बँकेचा अर्ज, दवाखान्याची चिठ्ठी, मुलीच्या पुढील शाळेचा प्रश्न, यांसाठी लोक त्याच्याकडे येतात. आज मोबाईलच्या युगात हे येणे कमी झाले असले तरी थांबलेले नाही. एका कुटुंबातील दोन-तीन भावंडे, कधी कधी आई व तिचे मूल, एकाच शिक्षकाच्या हाताखालून जातात. इतका दीर्घ संबंध मोठ्या शहरी शाळेतील शिक्षकाच्या वाट्याला विरळा येतो.

हे नाते आपोआप जडत नाही. ते दोन्ही बाजूंनी जडावे लागते. मेळघाटातील कोरकू, नंदुरबारकडील भिली किंवा गडचिरोलीतील गोंडी व माडिया बोलणाऱ्या मुलांच्या शाळेत नवा शिक्षक जातो, तेव्हा पहिले काही आठवडे तोच खरा विद्यार्थी असतो. पाणी, भाकरी, आई, पाऊस यांसाठी मुलांचे शब्द कोणते, हे तो मुलांकडूनच शिकतो. शिक्षकाने आपला शब्द चुकीचा उच्चारला की मुले हसतात. आणि त्या हसण्यातून चूक करण्याची भीती दोन्हीकडून जाते. जो शिक्षक ही पायरी ओलांडतो त्याला मुलांच्या घराचे दार उघडते. जो ओलांडत नाही त्याला मुले मठ्ठ वाटतात व मुलांना तो परका वाटतो, आणि दोघांनाही शाळा नकोशी होते.

कायद्याने या नात्याला एक रूप दिले आहे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीनचतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात व निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. या समितीची सभा केवळ सह्यांपुरती झाली तर ती आणखी एक ओझे होते. तिच्यात एका आईने 'माझी मुलगी आता हिशोब सांगते' असे चार माणसांत म्हटले, तर शिक्षकाला हवी असलेली दखल तेथेच मिळते. हर्झबर्ग यांच्या भाषेतील 'दखल' प्रमाणपत्रानेच मिळते असे नाही.

कामातील मोकळीक

तिसरे वैशिष्ट्य थोडे अनपेक्षित वाटेल. जिल्हा परिषदेच्या शाळेत नियम पुष्कळ असतात, तरी वर्गाच्या चार भिंतींत शिक्षकाला बरीच मोकळीक असते. दोन शिक्षकी शाळेत तीन इयत्ता एकत्र बसवाव्या लागतात. ही अडचण खरी. परंतु मोठ्यांनी लहानांना वाचून दाखवावे, एकाच गोष्टीवर पहिलीने चित्र काढावे, दुसरीने शब्द लिहावे आणि तिसरीने गोष्ट पुढे न्यावी, अशी रचना ज्याची त्याला करावी लागते व करता येते. यंत्राप्रमाणे ठरवून दिलेला पाठ म्हणून दाखवण्यापेक्षा अशी रचना स्वतः करण्यात बुद्धीला काम मिळते.

या मोकळिकीचा उपयोग केल्याची उदाहरणे राज्यात आहेत. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील जिल्हा परिषद शाळांनी खडे, काड्या, फरशीवरील आखणी अशा साध्या साहित्यातून मुलांनी स्वतः ज्ञान रचावे, अशी वर्गमांडणी केली. राज्याच्या कानाकोपऱ्यातून शिक्षक ती पाहण्यास गेले. २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाला या प्रयोगाचा आधार लाभला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी या लहानशा वस्तीच्या जिल्हा परिषद शाळेत काम करताना रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी पुरस्काराची निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली. पहिल्या उदाहरणातील साहित्य नदीकाठचे व दुसऱ्यातील साधन आधुनिक; पण दोन्हीकडे मार्ग शिक्षकांनीच काढला, हे साम्य महत्त्वाचे. प्रत्येक शिक्षकाला पुरस्कार मिळणार नाही व मिळण्याची गरजही नाही. आपल्या वर्गापुरती एक अडचण आपल्या बुद्धीने सोडवल्याचा आनंद मात्र प्रत्येकाच्या आवाक्यातील आहे.

गोडीला लागणारी कीड

येथवर वाचून एखाद्या शिक्षकाला शंका येईल, की समाधानाची महती सांगून त्याच्या न्याय्य तक्रारी बाजूला सारण्याचा हा प्रयत्न तर नव्हे? ही शंका योग्य आहे आणि तिचे उत्तर स्पष्टपणे दिले पाहिजे. शिक्षकाला मुलांत आनंद मिळतो, म्हणून त्याला वेतन उशिरा मिळाले तरी चालेल किंवा त्याच्यावर कोणतेही काम टाकले तरी चालेल, असा अर्थ काढणे हा त्या आनंदाचा गैरवापर होय. जोतीरावांनी शिक्षकाकडून लोकांशी मिसळण्याची अपेक्षा केली आणि त्याच निवेदनात त्याचे वेतनही मागितले, ते याचसाठी.

२००९ च्या कायद्याच्या २७ व्या कलमाने दशवार्षिक जनगणना, आपत्तीनिवारण व निवडणुका यांखेरीज शिक्षकांना शिक्षणबाह्य कामे देण्यास मनाई केली आहे. प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाणही त्याच कायद्याने घातले आहे. असमाधानाची कारणे दूर करणे हे प्रशासनाचे कर्तव्य आहे. ते शिक्षकाच्या सहनशीलतेवर सोपवून चालणार नाही. माहिती एकदा मागवून भागत असेल तर ती तीनदा मागवू नये, शाळाभेटीत दप्तराआधी मुलांची वही पाहावी, आणि चांगले दिसले ते शेऱ्यात नोंदवावे, एवढे पर्यवेक्षकाला कोणत्याही नव्या आदेशाविना करता येते.

सर्वांत गंभीर प्रश्न पटाचा आहे. रोजगारासाठी होणारे स्थलांतर, लहान होत गेलेली कुटुंबे आणि इंग्रजी माध्यमाची ओढ यांमुळे अनेक वाडीवस्तीच्या शाळांचा पट घटला आहे. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूहशाळा उभारण्याचा विचार शासनस्तरावर पुढे आला, तेव्हा पुष्कळ वस्त्यांत चिंता पसरली. ज्या शाळेत चौदा मुले आहेत, त्या शाळेच्या शिक्षकाला 'ही शाळा उद्या राहील का?' या प्रश्नाखाली काम करावे लागते. या प्रश्नाचा निर्णय एकट्या शिक्षकाच्या हाती नाही. परंतु त्या चौदा मुलांपैकी प्रत्येकाला वाचता यावे, हे त्याच्या हाती आहे. आणि वस्तीतील पालक शाळेच्या बाजूने उभे राहतात ते बहुधा याच एका गोष्टीमुळे. शाळा राहिली तर ती मुले तेथे पुढे शिकतील. न राहिली तर ती दुसऱ्या शाळेत वाचता येणारी मुले म्हणून जातील. दोन्ही प्रसंगी शिक्षकाचे श्रम वाया जात नाहीत.

गोडी टिकवण्याचे काही उपाय

पुढील उपाय खर्चाचे नाहीत. त्यांसाठी नवे रजिस्टरही नको. किंबहुना ते नोंदीचे आणखी एक ओझे होऊ लागल्यास सोडून द्यावेत.

१. जूनमधील पहिली वही जपावी. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक मुलाने लिहिलेले एक पान तारीख घालून ठेवावे. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी व वर्षाखेरीस पुन्हा एकेक पान घ्यावे. तिन्ही पाने शेजारी ठेवली, की जी वाढ रोज दिसत नव्हती ती दिसते. शिक्षकाला दिसते, पालकाला दिसते आणि मुलालाही दिसते.

२. आठवड्यात दोन मुलांचे वाचन स्वतंत्रपणे ऐकावे. संपूर्ण वर्ग एका सुरात वाचतो तेव्हा कोणाला येते व कोणाला येत नाही हे झाकले जाते. पाच मिनिटे एकट्या मुलाजवळ बसले, म्हणजे ते कोणत्या जोडाक्षरावर अडते ते कळते, आणि पुढच्या खेपेला ते अडले नाही हेही कळते.

३. टाचणाच्या कडेला एक ओळ लिहावी. आज कोणाला काय नव्याने आले, एवढेच. जी ओळ लिहिता येणार नाही असा दिवसही येईल; त्या दिवसाचा पाठ उद्या वेगळ्या रीतीने घ्यावा.

४. पालकाला चांगली बातमी कळवावी. शिक्षकाचा निरोप आला की मुलाने काहीतरी केले असणार, अशी घरोघरी समजूत असते. 'आज याने पाढा न अडखळता म्हटला' असा निरोप गेल्यास घराचे शाळेशी नाते बदलते.

५. एकमेकांचे वर्ग पाहावेत. शिक्षक आपापल्या वर्गात एकटे काम करतात, हेही लॉर्टी यांनी नोंदवले आहे. एकशिक्षकी व दोनशिक्षकी शाळांत हे एकटेपण अधिक असते. केंद्रातील शिक्षण परिषद परिपत्रके वाचण्यात संपू नये. एका शिक्षकाने आपल्या वर्गातील एक न सुटलेली अडचण मांडावी आणि इतरांनी उपाय सांगावेत, एवढा अर्धा तास तरी राखून ठेवावा. आपली अडचण दुसऱ्यालाही आहे, हे कळण्यातही आधार असतो.

६. शाळा सोडून गेलेल्या मुलांचा मागोवा ठेवावा. पाचवीनंतर किंवा आठवीनंतर मूल दुसरीकडे जाते आणि शिक्षकाचा त्याच्याशी संबंध संपतो. वर्षातून एकदा, बालदिनी किंवा प्रजासत्ताकदिनी, जुन्या विद्यार्थ्यांना शाळेत बोलवावे. त्यांनी लहान मुलांना एखादी गोष्ट वाचून दाखवावी. शिक्षकाच्या उशिरा पिकणाऱ्या शेतीचे ते दर्शन असते.

समारोप

सारांश, शिक्षकाच्या कामातील गोडी तीन गोष्टींवर उभी असते : मूल शिकल्याचे दर्शन, आपल्या श्रमाची गरज असल्याची खात्री आणि ते श्रम आपल्या बुद्धीने करण्याची मोकळीक. जिल्हा परिषदेच्या शाळेत या तिन्ही गोष्टींना भरपूर वाव आहे. अडचणी दूर करण्याची जबाबदारी व्यवस्थेने घ्यावी व शिक्षकांनी तिची मागणी निःसंकोचपणे करावी. परंतु अडचणी संपण्याची वाट पाहत गोडी लांबणीवर टाकू नये. कारण पहिलीच्या वर्गात बसलेले मूल वाट पाहू शकत नाही. त्याचे पहिलीचे वर्ष एकदाच येते.

चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या महिन्यात आपल्या कामाबद्दल विशेष बरे वाटले असा एक प्रसंग व विशेष वाईट वाटले असा एक प्रसंग प्रत्येकाने लिहावा. दोहोंची कारणे सारखी आहेत की वेगळी?

२. आपल्या शाळेतील कोणती कारकुनी कामे एकत्र करून वेळ वाचवता येईल? कोणत्या बाबतीत प्रशासनाकडे लेखी मागणी करणे आवश्यक आहे?

३. आपल्या वर्गातील सर्वांत मागे असलेल्या मुलाला जूनपासून आजपर्यंत नव्याने काय आले? हे सांगता येत नसल्यास ते कळण्यासाठी काय करावे लागेल?

४. घरी वेगळी बोली बोलणारी मुले आपल्या शाळेत आहेत काय? त्यांच्या बोलीतील किती शब्द आपल्याला येतात?

५. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढील सभेत मुलांच्या प्रगतीचे दर्शन पालकांना कसे घडवता येईल?